तार बसवली, आता शाळेच्या डब्याचं काय? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

दातांना ब्रेसेस म्हणजे तार बसवल्यावर घरी मूल कसंबसं जेवतं, शाळेतून मात्र डबा तसाच परत येतो. या वेळी आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक हाच होता. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. परवा तार बसवली. घरी सावकाश का होईना, जेवते. शाळेतून डबा जवळजवळ भरलेलाच येतो. विचारलं तर ‘दुखतं’ एवढंच म्हणते. डब्यात नेमकं द्यायचं तरी काय?

उत्तर : आधी दुखणं समजून घेऊ, कारण डबा त्यावरच ठरतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेचा ताण आला की हा पडदा एका बाजूने दाबला जातो आणि तिथे सूज येते. म्हणून तोंड मिटून बसलं तर फारसं काही वाटत नाही, पण दातावर दात टेकला की कळ येते. हे दुखणं तार बसवल्यानंतर साधारण चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, मग उतरू लागतं आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत आठवड्याभरात थांबतं.

त्यामुळे पहिले तीन दिवस चावावंच लागू नये असं जेवण द्या. त्यानंतरचे तीन-चार दिवस जिभेने टाळूवर दाबलं तरी चिरडेल असं द्या. पुढे नेहमीचंच जेवण, फक्त बारीक तुकडे करून. पहिल्या आठवड्याचा पातळ आहार महिनोन्‌महिने चालू ठेवणारी घरं बरीच असतात. त्याची गरज नसते आणि मूल अर्धपोटी राहतं ते वेगळंच.

आता शाळेचा भाग. घरी जेवते आणि शाळेत नाही, याचं कारण बहुतेक वेळा घड्याळात सापडतं. जेवणाची सुट्टी २०-३० मिनिटांची. त्यात हात धुणं, डबा काढणं, जागा धरणं. उरलेल्या पंधरा मिनिटांत तार बसवलेलं मूल नेहमीच्या निम्मंही खाऊ शकत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी एकदा घड्याळ लावून बघा : पंधरा मिनिटांत ती किती खाते? तेवढंच डब्यात भरा. राहिलेलं छोट्या सुट्टीत आणि शाळा सुटल्याबरोबर द्यायची सोय करा. भरलेला डबा बघून मूल सुरुवातच करत नाही. छोटा डबा रिकामा होतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती अशी की सकाळी मऊ असलेला पदार्थ दुपारी मऊ राहतोच असं नाही. शिजलेला भात, पास्ता आणि बटाटा थंड झाले की त्यांच्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट होतं. सकाळी बोटाने चिरडणारा भात दुपारी दाणा-दाणा होऊन टोचतो. यावर तीन उपाय आहेत :

पहिला, शिजवताना एरवीपेक्षा जास्त पाणी घालायचं (एक वाटी तांदळाला दीड-दोन वाट्या पाणी जास्त) आणि वेळही वाढवायचा. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त उकळायचा.

दुसरा, रुंद तोंडाचा थर्मास. त्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ते ओतून देऊन कढत जेवण काठोकाठ भरा. अर्धा रिकामा थर्मास लवकर थंड होतो. जेवण ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर ते सुरक्षितही राहतं. कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिलेल्या भातात जंतू वाढतात. मात्र थर्मासमधलं जेवण झाकणात किंवा वाटीत काढून निववून खायला सांगा.

तिसरा, रस्सा किंवा पातळ दही वेगळ्या छोट्या डबीत द्या आणि जेवताना कालवायला सांगा. सकाळीच कालवलं तर भात सगळा ओलावा पिऊन टाकतो.

पदार्थांची यादी लांबलचक करण्यात अर्थ नाही. कुस्करलेलं अंडं, घोटलेली डाळ किंवा कडधान्य, घट्ट दही, काट्याने मोडलेला बटाटा, बिनकाट्याचा मऊ मासा, रश्शातला खिमा, पिकलेलं केळं, दुधात शिजवलेले ओट्स. डाळ, अंडं, दही यांपैकी काहीतरी रोज हवंच आणि ते पहिल्यांदा खायला सांगा. पाचव्या-सहाव्या घासानंतर मूल दमतं, तोपर्यंत पोटात काय गेलं हे महत्त्वाचं. ब्रेड फसवा आहे. हाताला मऊ लागतो, पण लाळेत भिजून त्याचा चिकट गोळा होतो आणि तो ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, ज्यातून तार जाते) आणि गाल यांच्यामध्ये जाऊन बसतो. द्यायचाच तर कडा काढून, पातळ थर लावून, दोन सेंटीमीटरचे चौकोन करून द्या.

चमचा लहान द्या. घास समोरच्या दातांनी ओढून न घेता चमच्याने थेट दाढांपाशी ठेवायचा, ही सवय घरीच दोन-तीन जेवणांत लागते.

आणि एक छोटी युक्ती. सुरुवातीला बसवतात ती तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते आणि यातल्या अनेक तारा तोंडातल्या उष्णतेने ताठ होतात, गारव्याने सैलावतात. जेवणाआधी गार पाण्याचे चार घोट तोंडात धरले की थोडा वेळ ताण कमी वाटतो. डब्यासोबत गार पाण्याची बाटली द्या. बर्फ मात्र चावायला नको.

प्रश्न : शाळेत जायच्या आधी वेदनाशामक औषध दिलं तर चालेल का? किती दिवस?

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस चालेल, मुलाला त्या औषधाची अ‍ॅलर्जी किंवा दुसरा आजार नसेल तर. पहिली पसंती पॅरासिटामॉलला. मात्रा वयावर न ठरवता वजनावर ठरवतात : एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३०० ते ४५० मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, म्हणून ‘दोन चमचे’ असा हिशेब करू नका. पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते लेबलवर वाचा आणि सोबतच्या मापानेच द्या. सर्दी-तापाच्या काही औषधांमध्येही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकदम देणं टाळा.

आयबुप्रोफेनही चालतं, पण रिकाम्या पोटी नको, आणि जे मूल जेवतच नाही त्याला ते द्यायचं तर आधी चार घास पोटात जायला हवेत. दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अ‍ॅस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत.

औषधाचा परिणाम व्हायला अर्धा ते एक तास लागतो. सकाळी सातला दिलेल्या मात्रेचा जोर दुपारी साडेबाराच्या जेवणापर्यंत उतरलेला असतो, हे लक्षात न आल्यामुळे ‘औषध लागूच पडत नाही’ अशी तक्रार येते. घरातून निघायच्या अगदी आधी द्या. मधली मात्रा लागणारच असेल तर ती मुलाच्या दप्तरात न ठेवता शाळेच्या नियमाप्रमाणे कार्यालयात चिठ्ठीसह द्या. चौथ्या-पाचव्या दिवशीही औषधाशिवाय घास चावता येत नसेल तर तार कुठेतरी टोचत असेल किंवा हिरडी सुजली असेल. तेव्हा औषध वाढवू नका, ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाला) दाखवा.

पुढच्या वेळी तार घट्ट करायची तारीख शक्य तर सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारनंतरची घ्या. दुखण्याचा सर्वांत वाईट दिवस मग घरी जातो. दर वेळी तार बदलली की दोन-तीन दिवस थोडं दुखणारच, पहिल्या वेळेइतकं बहुधा नाही.

प्रश्न : गालाच्या आतून सालटं निघाली आहेत. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेण लावतो, पण जेवताना ते निघून जातं. शाळेत काय करायचं?

उत्तर : मेण जेवणापुरतं काढायचंच असतं. जेवताना ते राहिलं तर अन्नात मिसळतं आणि मुलाला किळस येते. पोटात गेलं तरी अपाय नाही. क्रम असा : जेवणाआधी मेण काढा, जेवा, पाण्याने जोरात खळखळून चूळ भरा, टोचणारं ब्रॅकेट स्वच्छ कागदी रुमालाने कोरडं पुसा आणि नवं मेण लावा. कोरडं करणं हीच खरी मेख आहे, ओल्या धातूवर मेण धरत नाही. गोळी छोट्या वाटाण्याएवढी घ्यायची, बोटांत दहा सेकंद मळून मऊ करायची आणि ब्रॅकेटवर दाबून थोडी तारेखाली जाऊ द्यायची.

अर्धा कप कोमट पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरल्या की सालटं लवकर भरतात. त्या आठवड्यात संत्रं, लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर आणि तिखट डब्यातून वगळा. मुलं जेवण सोडतात ते पुष्कळदा दातांमुळे नसतंच, या झोंबण्यामुळे असतं. एक-दोन आठवड्यांत गालाची त्वचा सरावते. व्रण दोन आठवड्यांनंतरही भरला नाही किंवा एकाच जागी परत परत झाला, तर तिथे बहुधा तारेचं टोक बाहेर आलेलं असतं. दात सरळ व्हायला लागले की तार मागच्या दाढेवरच्या ब्रॅकेटमधून थोडी सरकून बाहेर डोकावते. ते टोक दवाखान्यात दोन मिनिटांत कापून मिळतं.

प्रश्न : चार महिन्यांत तिसऱ्यांदा ब्रॅकेट निघालं. कडक काहीही देत नाही. मुलगा म्हणतो, मी काही खाल्लं नाही. मग निघतं कसं?

उत्तर : तो खरं बोलत असण्याची शक्यता आहे. आधी एक गोष्ट तपासा : दर वेळी तोच दात की वेगवेगळे?

तोच दात असेल तर दोष खाण्यात नसावा. बहुधा वरचा दात खालच्या ब्रॅकेटवर टेकतो आहे, किंवा चिकटवताना तिथे लाळेचा ओलावा राहिला होता, किंवा त्या दातावर जुनं सिमेंट अथवा कॅप आहे आणि तिथे चिकटवण्याची पद्धत वेगळी लागते. ऑर्थोडॉन्टिस्टला स्पष्ट सांगा, ‘हाच दात तिसऱ्यांदा’. रंगीत कागद चावायला देऊन दात कुठे टेकतात हे ते पाहू शकतात. वेगवेगळे दात असतील तर मात्र सवयी शोधा.

सवयींच्या यादीत शाळेत पहिला नंबर पेन्सिलचा. पेनाचं टोपण, बाटलीचं प्लास्टिकचं तोंड, शर्टाची दोरी, नखं. अभ्यासात गढलेल्या मुलाला आपण काही चावतो आहोत याचा पत्ताच नसतो. त्याच्या पेन्सिलींची मागची टोकं एकदा बघा, उत्तर मिळेल. बाटली दातांनी उघडायच्या किंवा ओढायच्या झाकणाची असेल तर बदला.

ब्रॅकेट दातावर रेझिनच्या थराने चिकटवलेलं असतं. सरळ दाब तो बराच सोसतो, पण कडेने लागलेला जोर त्याला उचकटतो. म्हणून प्रश्न पदार्थ किती कडक याचा जितका, तितकाच तो कोणत्या दाताने आणि कोणत्या दिशेने तोडला याचा असतो. सफरचंद चालतं, पण समोरच्या दातांनी अख्ख्याचा लचका तोडायचा नाही. सोलून, एक सेंटीमीटरच्या फोडी करून दाढेने खायचं. गाजर किसून किंवा वाफवून. मक्याच्या कणसाचे दाणे सुरीने काढून, शिजवून. पावाची चिवट कड, हाडावरचं मांस, अख्खे दाणे-बदाम, कडक टॉफी आणि बर्फ यांना पर्याय नाही, ते बंदच. पॉपकॉर्नबद्दल आम्ही जास्त कडक आहोत. न फुटलेला दाणा ब्रॅकेट उडवतो हे एक. शिवाय त्याचं पातळ टरफल हिरडीखाली शिरून बसतं, ब्रशने निघत नाही आणि तिथे सूज येते.

शाळेत ब्रॅकेट निघालंच तर? ते तारेवर सरकत असेल तर ओढून काढायचं नाही. मेण लावून जागेवर बसवायचं आणि घरी आल्यावर दवाखान्यात फोन करायचा. पूर्ण सुटून हातात आलं तर डबीत ठेवून सोबत न्या. तार दाढेवरच्या ब्रॅकेटमधून निसटली असेल तर स्वच्छ बोटाने किंवा पेन्सिलच्या नव्या खोडरबराने ती हळूच परत ढकलून बघता येते. नाही गेली तर टोकावर मेण. तार कापण्याचा प्रयोग शाळेत नको. घरीही तो अगदी शेवटचा उपाय : नेलकटर स्पिरिटने पुसून, तुटणारं टोक कागदी रुमालात धरून, म्हणजे ते घशात जाणार नाही. पुढच्या तारखेला जाणारच आहोत म्हणून महिनाभर थांबू नका. सुटलेला दात तेवढे दिवस हलत नाही, कधी मागेही सरकतो, आणि उपचार लांबतात.

प्रश्न : दाढांवर निळे उंचवटे लावले आहेत. त्यामुळे दात मिटतच नाहीत. चावायचं कसं?

उत्तर : खोल चाव असलेल्या (दात मिटल्यावर वरचे दात खालच्यांना फार झाकतात अशा) मुलांमध्ये वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटू नयेत म्हणून हे लावतात. रंग मुद्दाम निळा असतो, काढताना दाताचा भाग कुठे संपतो ते कळावं म्हणून. हे असेपर्यंत अन्न दळणं अवघड जातं, कारण फक्त एक-दोन दाढाच टेकतात. सराव व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर चावण्याचं काम स्वयंपाकघरात करून द्या : घोटा, किसा, खिमा करा, तुकडा अर्ध्या सेंटीमीटरचा ठेवा. उंचवटे वरच्या समोरच्या दातांमागे लावले असतील तर दाढा मुळीच मिटत नाहीत. अशा मुलाला सुरुवातीला जिभेने मोडणारंच जेवण द्या, नाहीतर ते मोठे तुकडे न चावता गिळतं आणि घास अडकू शकतो. एका बाजूचा उंचवटा पडला तर त्याच आठवड्यात दाखवा. एकाच बाजूवर चावत राहणं बरं नाही.

प्रश्न : मुलगा फक्त मिल्कशेक, पुडिंग आणि आइस्क्रीमवर राहायला तयार आहे. पोट तरी भरतं, म्हणून देतो. चालेल ना?

उत्तर : दोन-तीन दिवस चालेल, महिनाभर नाही. तारेच्या काळात कडक पदार्थांची भीती सगळ्यांना असते. पण तुटलेलं ब्रॅकेट परत चिकटवता येतं. दातावर पडलेले पांढरे डाग तार काढल्यानंतरही राहतात.

डाग कसे पडतात ते बघा. ब्रॅकेटच्या कडेला थर साठतो, त्यातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली (पीएच साधारण ५.५ च्या खाली) की दाताच्या कवचातली खनिजं सुटायला लागतात. प्रत्येक गोड घोटानंतर तोंड पूर्ववत व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ जातो. एक पेला मिल्कशेक दहा मिनिटांत संपवला तर एक फेरी झाली. तोच बाटलीत भरून तासाभरात, तिसऱ्या-चौथ्या तासिकेला थोडा थोडा प्यायला तर आम्ल उतरायला सवडच मिळत नाही. दात नीट साफ होत नसतील तर पहिले डाग महिन्याभरातही दिसू लागतात. फळांचा रस, मनुका आणि खजूर हेही याच रांगेत. ‘नैसर्गिक’ म्हणून त्यांना सूट नाही. मनुका तर चिकटतातही.

म्हणून मऊ द्या, पण गोड नको. साधं दूध, बिनसाखरेचं दही, मीठ-जिरं घालून घोटलेलं सूप, अंडं, मऊ चीज. गोड हवंच असेल तर जेवणासोबत, एकदाच, आणि वर पाणी. बाटलीत दिवसभर फक्त पाणी.

रात्री झोपण्यापूर्वी १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टने घासून फक्त थुंकायचं, वर भरपूर पाण्याने चूळ भरायची नाही. वय सहाच्या पुढचं असेल आणि नीट थुंकता येत असेल तर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं माउथवॉश दिवसातून एकदा, ब्रश करण्याच्या वेळेपेक्षा वेगळ्या वेळी, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावर, वापरता येतं. आधी दंतवैद्यांना विचारा.

मूल दोन आठवड्यांनंतरही नेहमीच्या जेवणाकडे वळत नसेल, वजन घटत असेल किंवा जेवणाची वेळ आली की रडत असेल, तर तो हट्ट समजू नका. कुठेतरी दुखतं आहे किंवा घास अडकेल अशी भीती बसली आहे. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. ‘तारेत अन्न अडकतं, सगळे बघतात’ म्हणून शाळेत जेवतच नाही. समजावून उपयोग होत नाही.

उत्तर : समजावण्याऐवजी अडकण्याचं प्रमाण कमी करू आणि अडकलेलं काढायला किती वेळ लागतो ते तिला दाखवू.

अडकतं ते धाग्यांचं : पालेभाजीच्या लांब काड्या, मांसाचे तंतू, वितळून ताणलं जाणारं चीज, नूडल्स. पालेभाजी अर्ध्या सेंटीमीटरवर चिरून शिजवा. नूडल्स आणि मांस घरासाठी ठेवा. डब्याला भात, डाळ, अंडं, दही, मऊ बटाटा. रंगीबेरंगी काही नको.

मग तिला एक छोटी डबी तयार करून द्या. त्यात झाकणाचा घडीचा ब्रश, दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश, तळहाताएवढा आरसा, मेणाची पट्टी आणि चार कागदी रुमाल. पद्धत : तोंडात पाणी घेऊन दहा सेकंद जोरात खळखळवणं, असं तीन वेळा. बरंचसं यातच निघतं. उरलेलं इंटरडेंटल ब्रशने, तार आणि दात यांच्यामधून वरून खाली. शेवटी कोरड्या ब्रशने अर्धा मिनिट. पेस्ट लागत नाही, त्यामुळे फेस नाही आणि बेसिनशी उभं राहायचीही वेळ येत नाही. घरी आठवडाभर जेवणानंतर हेच करून घ्या. हाताला सवय झाली की दोन मिनिटं पुरतात. आरशात तिला स्वतःलाच दिसू द्या की आता काही राहिलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात एका मैत्रिणीला सांगून ठेवलेलं बरं असतं : काही दिसलं तर कानात सांग. सगळ्या वर्गासमोर जेवण्यापेक्षा एका मैत्रिणीबरोबर कडेला बसून सुरुवात करणं सोपं जातं.

ब्रॅकेटवरच्या रबरी कड्यांच्या रंगाचाही विचार करा. पांढऱ्या आणि पारदर्शक कड्या हळद, चहा आणि रश्शाने पिवळ्या पडतात. हिरवा आणि तपकिरी रंग अन्न अडकल्यासारखा दिसतो. गडद निळा किंवा करडा घ्या. कड्या तार घट्ट करायच्या भेटीत बदलतात, साधारण चार ते आठ आठवड्यांनी, त्यामुळे निवड चुकली तरी फार दिवस सोसावी लागत नाही.

प्रश्न : वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटना जोडून लावायची रबरं जेवताना काढायची का?

उत्तर : तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टने काय सांगितलं आहे ते अंतिम. बरेच जण जेवणापुरती काढू देतात. काढण्याने नुकसान होत नाही, नुकसान होतं ते परत न लावण्याने. दिवसाला २० ते २२ तास लावायची असतात. दुपारी काढलेली रात्री आठवली की पाच-सहा तास गेले. जुनं रबर बाकावर ठेवून शोधत बसण्यापेक्षा नवी जोडी लावायची. छोटं पाकीट डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे डबा बंद करताना ते दिसेलच. राहून गेलेल्या तासांची भरपाई म्हणून एका बाजूला दोन रबरं लावायची नाहीत. जोर दुप्पट होतो आणि दात दुखावतो. रबरांनी ओठ-हिरड्यांना खाज किंवा सूज आली तर लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते. तसं सांगितलं तर लेटेक्स नसलेली रबरं मिळतात.

प्रश्न : तार नाही, पण टाळूला रुंदी वाढवायचा स्क्रू बसवला आहे. त्यात अन्न अडकून मुलाला ओकारी येते.

उत्तर : सुरुवातीचे तीन-चार दिवस लाळ जास्त सुटते, गिळणंही विचित्र वाटतं. घास अर्ध्या चमच्याचा. मऊ ब्रेड, चीज आणि केळ्याचे मोठे तुकडे टाळूला चिकटून स्क्रूखाली जातात, त्याऐवजी दाटसर पातळ पदार्थ द्या. डब्यासोबत सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज द्या. जेवणानंतर पाणी भरून समोरून मागे अशा दिशेने न मारता कडेने, मान खाली वाकवून मारायचं, म्हणजे पाणी घशात जात नाही.

प्रश्न : मी वर्गशिक्षिका आहे. वर्गात तार बसवलेली तीन मुलं आहेत. मी काय करावं, काय करू नये?

उत्तर : डबा संपवायचा आग्रह आठवडाभर करू नका. शक्य असेल तर त्यांना दहा मिनिटं आधी जेवायला बसू द्या आणि जेवणानंतर चूळ भरायला जाऊ द्या. वाढदिवसाला वर्गात टॉफी वाटली जाते तेव्हा त्या मुलांसाठी मऊ काहीतरी वेगळं असेल तर आधी पालकांना कळवा. सगळ्यांसमोर ‘तुला चालत नाही ना’ असं विचारलं की ती मुलं मुद्दाम टॉफी खातात. औषध शाळेच्या नियमाप्रमाणेच.

ब्रॅकेट किंवा तारेचा तुकडा गिळला गेला आणि मूल व्यवस्थित बोलत, श्वास घेत असेल तर बहुधा काळजीचं कारण नसतं, पालकांना कळवा. खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, गिळताना दुखत असेल किंवा लाळ गळत असेल तर लगेच रुग्णालयात न्यायला हवं. खेळाच्या तासाला तोंडावर चेंडू लागला आणि ओठ तारेत अडकला तर ओढू नका. ओठ ओला करून हळूच सोडवा, स्वच्छ रुमालाने दाबून धरा आणि दात हलतो का ते बघायला दवाखान्यात पाठवा. धडकाधडकीचे खेळ खेळणाऱ्यांना तारेवर बसणारा माउथगार्ड मिळतो, पालकांना त्याबद्दल सुचवा. आणि तासाला पेन्सिल तोंडात गेलेली दिसली की नुसती खूण करा.